साहेबांच्या खिळ्यासाठी एक बेडूक

साहेबांच्या केबिनमध्ये एक खिळा होता आणि त्या खिळ्यावर काहीच टांगलेलं नव्हतं. उद्धवरावांच्या गल्लीवर पुढं जे काही कोसळलं त्याचं मूळ या खिळ्यात आहे. पाऊस पडला असता तर खिळ्याकडं कुणाचं लक्षही गेलं नसतं. पण पाऊस पडला असता तर मग बोलायलाच काय होतं.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळं झालं त्याला तीन-चार वर्षं होत आली होती, तरी कचेऱ्यांची अवस्था अजून लग्नघरासारखी होती. टेबल आलं तर खुर्ची यायची होती, कपाट आलं तर त्याची किल्ली उस्मानाबादेत राहिलेली. त्यात पाऊस रुसलेला. "जिल्हा आला आन् पाणी गेलं," असं गल्लीतले शिवप्पा किराणावाले म्हणायचे आणि जिल्ह्याच्या बदल्यात पाणी यांनीच लिहून दिलं, अशा नजरेनं उद्धवरावांकडं बघायचे. उद्धवराव कचेरीत टंचाईच्या टेबलावर कारकून होते. त्यामुळं आभाळातून कोरडा जाणारा प्रत्येक ढग गल्लीत त्यांच्याच नावावर जमा व्हायचा.

गल्ली शहराच्या अगदी काठावर होती. इतकी काठावर की नगरपालिका म्हणे, तुम्ही ग्रामपंचायतीत. आणि ग्रामपंचायत म्हणे, तुम्ही नगरपालिकेत. मतं मागायला दोघंही येत. पाणी मागितलं की दोघांचेही नकाशे हरवत. टँकरचे सगळे प्रस्ताव उद्धवरावांच्याच टेबलावरून जात, आणि त्याच टेबलावरून त्यांच्या स्वतःच्या गल्लीचा प्रस्ताव सारखा परत येई, कारण 'सदर वस्ती कोणाच्या हद्दीत' हा रकाना रिकामा होता. साहेबांनी प्रत्यक्ष येऊन पाहणी केली तर तो भरता आला असता. साहेबांना वेळ नव्हता. बाकी आख्ख्या जिल्ह्याची पाहणी व्हायची होती आणि जीप एकच होती.

गल्लीतला हातपंप फाल्गुनातच कोरडा खाकरायला लागला होता. मग बायका खदानीपलीकडच्या बारवेत उतरू लागल्या. वरच्या पायऱ्या धड होत्या, खालच्या ढासळलेल्या. तिथून पुढं कमरेला दोर बांधून जायचं आणि तळातल्या खड्ड्यात झिरपेल ते पाणी खरवडून घ्यायचं. चैत्रात केवळाबाईची सून नीलम्मा तिथून घसरली. जीव वाचला, कंबर मोडली. तेव्हापासून नीलम्मा दाराशी टाकलेल्या बाजेवर होती आणि तिच्या जागी बारवेत केवळाबाई उतरत होती. केवळाबाईचं वय किती, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. पण रझाकारांच्या वक्ताला ती लेकुरवाळी होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ती उतरली की वर दोर धरणाऱ्या बायका एकमेकींशी बोलायच्या थांबायच्या. टँकर आला नाही तर एक दिवस ही म्हातारी वर येणार नाही, हे गल्लीत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

उद्धवरावांची बायको सौदामिनी बारवेला जात नव्हती. उद्धवराव कचेरीतल्या नळाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून सायकलवरून आणत. गल्लीला हे माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. न बोलण्याचे आमच्याकडं पुष्कळ प्रकार आहेत. त्यातला हा सगळ्यात मोठ्यानं ऐकू येणारा.

तर तो खिळा.

"साहेबांना रिकामी भिंत बघवत नाही," उद्धवरावांनी एके दिवशी जेवताना सांगितलं. "वाघबिघ नको म्हणाले. वाघ सगळ्याच कचेऱ्यांत असतो. एखादं बारकं जनावर असावं, पालवीत अर्धं लपलेलं. बघितलं की डोळे गार व्हावेत."

"मग?"

"मग काय. मी म्हणालो, आमच्या घरी चित्रं काढतात."

सौदामिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. संसाराला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. त्यातही काढणारीचं नाव नव्हतं. घरातले कोनाडेच आपापली चित्रं काढून घेत असावेत असा एकूण थाट होता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, दुपारच्या वेळी, कुणाला न विचारता ती शिकली होती. ट्रंक भरली होती. ट्रंकेवर गाद्या होत्या.

"साहेब म्हणाले, बघायला घरीच येतो," उद्धवराव पुढं म्हणाले, "आणि आलोच तर गल्लीची पाहणीही उरकून टाकतो."

हे वाक्य मात्र सौदामिनीला नीट ऐकू आलं. शिवप्पांनाही आलं, कारण दोन घरांतली भिंत एका विटेची होती.

सकाळी शिवप्पांच्या दुकानाच्या कट्ट्यावर बैठक बसली. चित्र सौदामिनीचं, पण पाणी सगळ्यांचं, त्यामुळं जनावर ठरवायचा हक्कही सगळ्यांचाच होता.

"वाघच काढा, वैनी," शिवप्पा म्हणाले.

"साहेब बारकं म्हणाले."

"मग बारका वाघ काढा."

ते बारगळलं. मग ससा निघाला. ससा गरीब, गोजिरा, सगळ्यांना पसंत पडत होता, एवढ्यात उद्धवराव खाकरले. ससा भित्रा असतो; केबिनमध्ये ससा टांगला तर साहेबांना वाटेल, आपल्यालाच भित्रं म्हणलं. ससा गेला. मग खार.

"खार दोन हातानं खाती," शिवप्पा म्हणाले. "सायबाच्या डोक्यावर दोन हातानं खाणारं जनावर लावताव? टँकर तर ऱ्हायला, उद्धवरावला कुठंतरी रानात धाडतील."

सरडा कुणी सुचवला तो तोंडातून निघायच्या आतच परत गिळला, रंग बदलतो. केवळाबाई म्हणाली, मुंगूस काढा, मुंगसाचं तोंड दिसलं की काम व्हतंय. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग शिवप्पांनाच शंका आली.

"मुंगूस चांगलं, पर मुंगसाला साप लागतोय. सायबाच्या हाफिसात साप कोण?"

सगळ्यांनी उद्धवरावांकडं बघितलं. मुंगूसही गेलं.

सरकारी माणसाला लागणार नाही असं एकही बारकं जनावर देवानं केलेलं नाही, हे त्या दिवशी गल्लीच्या ध्यानात आलं. घूस, उंदीर, मांजर ही नावं तर आदबीनं कुणी घेतलीच नाहीत.

"बेडूक," सौदामिनी म्हणाली.

बेडकात कुणाला काही सापडलं नाही. उद्धवरावांना घरी येता येता कूपमंडूक आठवला, पण तोवर ते दमले होते.

बेडूक म्हणायला सौदामिनीकडं कारण होतं. तिच्या मोरीत, रांजणाखाली, रांजण पाझरून जी ओल व्हायची तिच्यात एक बेडूक बसायचा. एरवी गल्लीत बेडकांचं नाव राहिलं नव्हतं. हा एकटा उरला होता, आणि एकट्या उरलेल्या म्हाताऱ्यासारखा तो कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. बसून राहायचा. चित्राला बसणारं माणूस एवढं शहाणं मिळत नाही.

पालवीचा प्रश्न नव्हता. दारातला कडुलिंब हिरवा होता; दुष्काळात तेवढंच झाड हिरवं असतं, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लिंबाच्या डहाळीत अर्धा लपलेला बेडूक, एवढं ठरलं. आणि मग कळलं की लातुरात हिरवा रंग नाही. पिवळा होता, लाल होता, जांभळा तर बाटल्याच्या बाटल्या. हिरवा संपला होता, कारण सगळ्या शाळांतून 'झाडे लावा'ची चित्रस्पर्धा झाली होती. रानात हिरवं दिसेना आणि दुकानातलं होतं ते कागदावर संपलं. सौदामिनीनं नांदेडला बहिणीला कळवलं. सरोजिनीनं हिरव्या रंगाची पुडकी एसटीच्या कंडक्टरजवळ दिली, ती अहमदपूरला उतरून परत नांदेडला गेली, मग फिरून आली. येईपर्यंत सौदामिनीनं निळा-पिवळा मिसळून काम चालवलं होतं, त्यामुळं चित्रातली निम्मी पानं मृगातली आणि निम्मी शिमग्यातली दिसायला लागली.

पण खरी अडचण वेगळीच होती. पाण्याच्या रंगांना पाणी लागतं.

लागून लागून किती लागणार, एक पेला. पण तो पेला भरताना केवळाबाई दारात उभी होती.

"ह्ये पेयाचं हाय का?"

"कुंचला धुवायला, मावशी."

"धुऊन काय करता?"

"पुन्हा दुसऱ्या रंगात बुडवते."

"मग न धुताच बुडवा की. येकाच पोटात जायचंय सगळं."

केवळाबाईला त्यात खोच मारायची नव्हती. ती खरंच मार्ग सुचवत होती. पण सौदामिनीला ते लागलं. त्यानंतर तिनं पेल्यातलं पाणी बदललंच नाही. त्याच पाण्यात रोज कुंचला धुवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं वापरायचं. पाणी आधी हिरवं झालं, मग तपकिरी, मग शिवप्पांच्या दुकानातल्या काकवीच्या रंगाचं, आणि बेडकाची पाठ त्याच्याबरोबर पिकत गेली. केवळाबाई रोज येऊन पेल्यात डोकवायची आणि समाधानानं जायची. चित्राकडं तिनं एकदाही बघितलं नाही. ते भिंतीकडं तोंड करून असायचं, आणि दुसऱ्याच्या घरात भिंतीकडं तोंड केलेली गोष्ट वळवून बघायची नसते, असं तिचं वळण होतं.

मृग लागला तो कोरडाच लागला. रांजणाचा तळ वाळला. एका सकाळी सौदामिनी मोरीत गेली तर बेडूक होता तिथंच बसला होता, पण हलका झाला होता, वाळलेल्या पानासारखा. तिनं त्याला सुपलीत उचलून लिंबाच्या बुडाशी ठेवलं आणि मुंग्या लागायच्या आत वर माती ओढली. डोळा रंगवायचा राहिला होता. तो तिनं आठवणीनं काढला, काळ्या पक्क्या शाईनं, आणि त्याच शाईनं खाली कोपऱ्यात आपलं नाव घातलं. पूर्ण नाव. ते सुबक आलं.

चौकटीसाठी चित्र मल्लिकार्जुनाकडं गेलं. मल्लिकार्जुन दोनच प्रकारच्या चौकटी करायचा, देवांच्या आणि गेलेल्यांच्या.

"कोण वारलं?" त्यानं कागद उलगडायच्या आत विचारलं.

"कुणी नाही. बेडूक आहे."

मल्लिकार्जुनानं चित्र उलगडून बराच वेळ बघितलं. "काच न्हाई," तो म्हणाला. "काच सोलापूरहून येती, वाटंतच फुटती. बिनकाचेचं न्या. काच आली की बसवून देताव." चौकट मात्र त्यानं झोकात केली, आणि सवयीनं वर हार अडकवायला एक तारेचा आकडाही लावला. तो उपटायला गेलं तर लाकूड चिरेल, असं म्हणाला. म्हणून तो राहिला.

साहेब यायचे होते त्या दिवशी सकाळी सौदामिनीनं चित्र ओट्यावर आणून टेकवलं. लिंबाच्या पानांची कातरलेली कड, पानाआडून निघालेला तो डोळा; खरंच चांगलं साधलं होतं. उद्धवरावसुद्धा धोतर-कोटाच्या काळातल्या माणसासारखे हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "बेडूक वाटतोय." त्यांच्या तोंडून ही मोठी स्तुती होती.

तेवढ्यात केवळाबाई आली. पेल्यात डोकवायला आली होती. ओट्यावर चित्र बघितलं आणि जागच्या जागी हात जोडले.

"धोंडी हाय," ती म्हणाली.

आता धोंडी म्हणजे काय हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही, पण दुसरीकडचं कुणी वाचत असेल तर सांगून टाकते. पाऊस लांबला की एका गड्याला नखशिखांत लिंबाच्या डहाळ्यांनी मढवायचं, त्याच्याजवळच्या काठीला बेडूक बांधायचा आणि घरोघर फिरवायचं. दारात आला की घरची बाई त्याच्या अंगावर पाणी ओतते. बेडूक भिजला की आभाळाला आठवण होते. त्या साली गल्लीत धोंडी निघालीच नव्हती. गडी होता, लिंब होता, बेडूक मिळत नव्हता. केवळाबाईनं बेडकासाठी पार खदानीपर्यंत धुंडाळलं होतं. आणि सौदामिनीनं महिनाभर लिंबाच्या पाल्यात बेडूक बसवला तो डोळे गार व्हावेत म्हणून. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

"मावशी, हे चित्र आहे. साहेबांसाठी."

"सायबाचंच की. सायब यायच्या आत फिरवून आणताव. दारावरनं जाईल, येईल. धोंडी घरात निघाली अन् गल्लीत फिरवली न्हाई, तर पाऊस आपल्यावरच बसतोय बाई."

"त्यावर पाणी ओतलं तर—"

"थेंब थेंब."

वादात वेळ गेला तेवढ्यात बायका जमल्या होत्या. व्यंकटी हातगाडीवाला, ज्याला खरं तर चित्र साहेबांच्या जीपपर्यंत नेऊन द्यायला बोलावलं होतं, तो चौकट डोक्यावर घेऊन उभाही राहिला होता. चित्राचं तोंड आभाळाकडं. सौदामिनीनं शेवटचा उपाय म्हणून पाळण्यात घालायचं मेणकापड ट्रंकेतून काढलं आणि चित्रावर घट्ट ताणून बांधलं. पातळ मेणकापडाखालून बेडूक हिरवा-हिरवा दिसत होता. त्यावर मग कुणी हरकत घेतली नाही. उद्धवराव घड्याळ बघत म्हणाले, साहेब दुपारनंतर येतात. आजवर ते सांगितलेल्या वेळेच्या आधी कुठंही गेलेले नाहीत.

पहिल्या दारात एक वाटी पाणी पडलं. दुसऱ्या दारात अर्धा तांब्या. कुणी तांदूळ धुतलेलं ओतलं, कुणी पोराच्या बाटलीतलं. मेणकापडावरून पाणी व्यंकटीच्या मानेवर आणि मानेवरून धुळीत गेलं. सौदामिनी बाजूनं चालत होती, पदरानं चौकटीच्या कडा टिपत होती आणि मनात हिशेब धरत होती की एवढी चार दारं झाली की सुटले. केवळाबाईनं आपलं दार यायची वाट न बघता लिंगपूजेला ठेवलेलं पाणी आणलं. ते ओतताना तिनं डोळे मिटले होते.

शिवप्पांच्या दारात शिवप्पा स्वतःच उभे होते. समोरच्या घरातून पूर्ण तांब्या पडलेला त्यांनी बघितला होता. आणि कट्ट्यावर एवढ्या बैठका घेणाऱ्या माणसाच्या दारातून तांब्याच निघावा, हे त्यांना पटेना. ते आत गेले आणि घागर घेऊन आले. भरलेली. सगळी ओतली. शिवप्पांकडं घागरभर पाणी शिल्लक असतं, हे गल्लीला त्या क्षणी कळलं. आणि ते कळलं हे शिवप्पांना ओतून झाल्यावर कळलं. व्यंकटी चिंब झाला. त्याच्या पायाखाली चिखल झाला. इतक्या दिवसांनी चिखल बघून दोन कोंबड्या धावत आल्या. तरी मेणकापड टिकलं होतं.

शेवटचं दार केवळाबाईचं. दाराशी नीलम्माची बाज होती. पडल्या पडल्या तिनं हातात एक वाटी धरली होती. तिला सकाळी प्यायला दिलेलं पाणी, न प्यालेलं.

व्यंकटी खाली बसला. नीलम्मानं मेणकापडाकडं बघितलं, मग सौदामिनीकडं.

"झाकल्याली धोंडी कुठं असती का, बाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती. विचारत होती.

"अगं पडून ऱ्हा की," केवळाबाई डाफरली, "तुला काय करायचंय, लोळतीस राणीवानी. मेणकापड काढलं तर सायबाचं चित्र जाईल. चित्र गेलं तर टँकर जाईल."

"टँकर यील का न्हाई, कुणाला ठाव," नीलम्मा म्हणाली. "पाऊस आला तर तुमी बारवंत उतरायच्या न्हाईत."

दोघींचं आपसात असं बोलणं गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं.

सौदामिनीला नंतर पुष्कळदा वाटलं की तिथं आपल्याला बरंच काही सांगता आलं असतं. हा कागद आहे. पाऊस वाऱ्यानं येतो, कागदानं नाही. साहेब दुपारी येणार आहेत. पण समोर धरलेल्या वाटीतलं पाणी नीलम्माला तहान लागलेली असताना राखलेलं होतं. सौदामिनीनं मेणकापडाची गाठ सोडली.

नीलम्मानं पाणी घातलं. वाटीभरच, पण नेमकं बेडकाच्या डोक्यावर. मग मागच्या बायका पुढं सरकल्या. उघडी धोंडी बघितल्यावर पहिलं ओतणं कुणाला पुरेना. घरात तळाशी राहिलं होतं तेही आलं. महिनाभर रंगवलेली पानं आधी एकमेकांत मिसळली, मग सगळी मिळून खाली निघाली. बेडकाची पाठ पोटावर आली, पोट चौकटीवरून व्यंकटीच्या सदऱ्यावर उतरलं. सौदामिनी बघत राहिली. हिरवा रंग धुळीवर पडून एका क्षणापुरता गवतासारखा दिसला.

आणि तेव्हाच जीप आली.

नव्या जिल्ह्यात कुठलाही साहेब वेळेच्या आधी आल्याचा तो पहिला प्रसंग असावा. त्यांना दुपारी निलंग्याला जायचं होतं, म्हणून आधी इकडं वळले होते. त्यांनी जीपमधून पाय खाली टाकला तो शिवप्पांच्या घागरीत, म्हणजे त्या घागरीच्या चिखलात. बूट निघाला, पाय निघाला, पण वेगवेगळे निघाले.

"पाणी आहे की इथं," साहेब म्हणाले. राग नव्हता. कोरड्या गावांतून फिरून आलेल्या माणसाचं नवल होतं.

"सायब, ह्ये पाणी नव्हं," शिवप्पा पुढं झाले. "म्हंजे पाणीच हाय. पर पेयाचं नव्हं. धोंडीचं हाय."

"आणलं कुठून?"

"आपापल्या घरातनं."

"म्हणजे घराघरात आहे."

शिवप्पांनी उद्धवरावांकडं बघितलं. उद्धवरावांनी साहेबांच्या बुटाकडं बघितलं.

"साहेब," सौदामिनी म्हणाली. साहेबांशी बोलायची तिची ही पहिली वेळ, आणि कोपरापर्यंत हात हिरवे. "हे आजचं प्यायचं पाणी होतं. आता कुणाच्या घरात थेंब नाही. कुठल्याही घरात जाऊन हंडे बघा."

साहेब खरंच दोन घरांत गेले. हंडे रिकामे होते. बाहेर आले, गल्लीतल्या चिखलाकडं बघितलं, कोंबड्यांकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच ते बोलले ते लक्षात राहिलं.

"बाई, मी तुमचं मानतो. पण पाहणीत दिसलं तेच मला लिहायचं असतं. गल्लीत पाणी वाहत होतं. लोकांनी प्यायचं पाणी चित्रावर ओतून टाकलं, असं मी लिहिलं, तर वर कोण मानेल?"

साहेबांनी बूट दगडावर आपटून चिखल झाडला.

जाता जाता साहेब चौकटीपाशी थांबले. कागद पोटात पाणी घेऊन फुगला होता. त्यावर मळकट हिरवे ओघळ, मधोमध एक काळाभोर डोळा, आणि खाली कोपऱ्यात, अक्षरही न हललेलं, सौदामिनीचं पूर्ण नाव.

"हे काय होतं?"

"बेडूक."

"डोळा छान आलाय," साहेब म्हणाले, आणि जीप गेली.

'पाहणीच्या वेळी सदर वस्तीत पाणी आढळून आले', हा शेरा दुसऱ्या दिवशी टंचाईच्या टेबलावर आला. तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचं काम टेबलाच्या कारकुनाचं असतं. उद्धवरावांनी तो उतरवला. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं आणि मग जेवले नाहीत. हद्दीचा रकाना मात्र साहेबांनी आठवणीनं भरला होता. गल्ली नगरपालिकेत होती. म्हणजे पाणी मिळणार नव्हतं, पण आता ते कुणाकडून मिळणार नव्हतं हे नक्की झालं.

सौदामिनी टोमण्यांची वाट बघत होती. टोमणे आले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण कुणी काही बोललं नाही. शिवप्पा तेवढे एकदा भिंतीपलीकडून म्हणाले, "वैनी, वाघ काढला असता तर कुणी पाणी ओतलं नसतं." एवढ्या सल्ल्यांतला हा एकच सल्ला बिनतोड होता, आणि तो उशिरा आला. पाऊसही आला नाही. केवळाबाईच्या मते धोंडी आधी झाकून फिरवली त्यामुळं. तिनं हे दोष म्हणून सांगितलं नाही, कारण म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी, बायका बारवेला निघाल्या तेव्हा सौदामिनी आपली घागर घेऊन ओट्यावरून उतरली. आत दोन्ही कॅन भरलेले होते. केवळाबाईनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमाला जमायचं न्हाई, बाई. तुमी रंगाचं माणूस."

"आज तुमच्या जागी मी उतरते, मावशी. तुम्ही वर दोर धरा."

केवळाबाई नको म्हणाली, पुन्हा नको म्हणाली, आणि मग बारवेच्या तोंडाशी गेल्यावर तिच्या कमरेला दोर बांधायला लागली. गाठ घालताना तिनं सौदामिनीचा पदर खोचून दिला, चपला काढायला लावल्या, आणि कुठली पायरी पक्की, कुठली खोटी, ते बोटानं दाखवलं. नीलम्मा घसरली ती पायरी तिनं दाखवली नाही. त्या पायरीकडं एकही बाई बघत नव्हती, त्यामुळं ती कुठली हे सौदामिनीला आपोआप कळलं.

खाली गार होतं आणि कुजल्या पाल्याचा वास होता. तळाच्या खडकात परातीएवढा खड्डा, त्यात बोटभर पाणी. सौदामिनी उकिडवी बसली. नारळाच्या करवंटीनं तिनं पहिलं खरवडलं ते निम्मं चिखलच आलं. दुसऱ्यांदा तेही आलं नाही.

"घाई करू नका," वरून केवळाबाईचा आवाज उतरला. "घाई केली की गढूळ येतंय. खड्डा भरू द्या. मग घ्या."

सौदामिनीनं करवंटी गुडघ्यावर ठेवली आणि पाण्याकडं बघत बसली. ते येताना दिसत नव्हतं. मधूनच बघितलं तर थोडं जास्त असायचं. मधून मधून वरून दोराला हलका हिसका बसायचा. मग ती खालून एक हिसका द्यायची.